पेन्सिलने काढलेले मांजर जिवंत का वाटत नाही?

एकेक केस काळजीपूर्वक रेखाटूनही चित्रातले मांजर भुसा भरल्यासारखे दिसते, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या अनुभवाप्रमाणे याचे कारण बहुधा केसांखालच्या सांगाड्यात सापडते, म्हणून केस काही काळ बाजूला ठेवावेत.

मांजर बोटांवर चालते. त्यामुळे मागच्या पायातला उलट वाकलेला जो सांधा आपल्याला गुडघा वाटतो, ती प्रत्यक्षात टाच असते. खरा गुडघा बराच वर, पोटाच्या कडेला, सैल कातडीत जवळजवळ दडलेला असतो. पुढच्या पायांची खांद्याची हाडे धडाला मुख्यतः स्नायूंनीच जोडलेली असल्यामुळे ती मोकळेपणाने सरकतात, आणि दबा धरून बसलेल्या मांजराच्या पाठीवर त्यांचे दोन उंचवटे स्पष्ट दिसतात. एचबी पेन्सिलने, अजिबात दाब न देता, आधी कण्याची वक्ररेषा, बरगड्यांचा पिंजरा, कंबर आणि डोके एवढेच मांडावे आणि हे सांधे जागेवर बसेपर्यंत पुढे जाऊ नये. मला स्वतःला हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. झोपलेले मांजर यासाठी उत्तम, कारण ते पुरेसा वेळ स्थिर राहते.

त्यानंतर डोळे किंचित मिटून पाहिले, की बारकावे पुसट होऊन उजेड आणि सावली एवढेच उरते. ती सावली २बी आणि ४बी या अधिक मऊ, गडद पेन्सिलींनी भरावी. केस सर्वत्र काढायची गरज नसते. जिथे उजेड सावलीत मिसळतो तिथे आणि बाह्यरेषेवर ते दाखवले, तर उरलेले पाहणाऱ्याची नजर स्वतःच पूर्ण करते. रेषा केसांच्या वाढीच्या दिशेने ओढावी आणि शेवटी पेन्सिल अलगद उचलावी, म्हणजे टोक निमुळते होते. नाकावरचे केस अगदी आखूड असून कपाळाकडे जातात, तर छातीवरचे लांब आणि खाली वळलेले असतात.

डोळ्यात चमकेचा ठिपका कोरा सोडावा आणि वरच्या पापणीची बारीक सावली बुबुळावर अवश्य द्यावी; तिच्याशिवाय डोळा वरून चिकटवल्यासारखा दिसतो. पांढऱ्या मिशांसाठी मात्र छायांकनापूर्वीच बोथट सुईने कागदावर हलकी खाच ओढून ठेवावी, म्हणजे नंतर आडवी धरलेली पेन्सिल त्या खाचेवरून फिरली तरी मिशी पांढरीच राहते.