घरात ताटं किती वाढता?

प्रिय डॉक्टर,

(एमडी व्हायला अजून दोन वर्षं आहेत, पण हाक ऐकायची सवय लागलेली बरी.)

तुझा थिसिसचा आराखडा काल रात्री वाचला. शीर्षक भारदस्त आहे. पण ओपीडीच्या रजिस्टरवरून तालुक्यातलं मेंदूविकारांचं प्रमाण काढायचं म्हणतेस, ते जमायचं नाही. रजिस्टर तुला अंश देईल, म्हणजे आजारी किती; छेद, म्हणजे एकूण माणसं किती, तो कुठून आणशील? ओपीडीत पोचतो तो ज्याच्याकडे एसटीचं भाडं आहे, ज्याला धरून आणणारं कुणी आहे आणि ज्याचं देवऋषी करून झालंय. अर्धशिशीवाली बाई डोक्याला फडकं आवळून भाकऱ्या थापत बसलेली असते. ती तुझ्या रजिस्टरात नाही. छेद हवा असेल तर उंबरे झिजवावे लागतील.

दुसरं, सगळे आजार एका थिसिसमध्ये कोंबू नकोस. फिट्सचं प्रमाण हजारी पाच धर. दोन हजारांच्या गावात दहा रुग्ण. दहाच्या जागी सहा किंवा पंधरा सापडले तरी तो निव्वळ योगायोग असू शकतो. कंपवात (पार्किन्सन्स) तर त्याहून विरळ, त्याच्यावर त्या गावात काही बोलूच नये. बंगळुरूला निम्हान्स या मेंदू-मनोविकार संस्थेच्या मंडळींनी 1993 ते 1995 या काळात 1,02,557 माणसं तपासली, तेव्हा कुठे शहर आणि खेडं वेगवेगळं मांडता आलं. फिट्स शहरी भागात हजारी 5.7, ग्रामीण भागात 11.9 निघाल्या, म्हणजे दुप्पट. तुझ्याकडे एक स्कूटी आणि दोन इंटर्न आहेत. फिट्स घे किंवा पक्षाघात घे, एकच.

आता खरं काम, प्रोफॉर्मा, म्हणजे दारोदार विचारायची प्रश्नावली. माझ्या पहिल्या सर्व्हेत छापील प्रश्न होता, ‘कुटुंबात कोणाला अपस्माराचा त्रास आहे काय?’ दोन दिवस प्रत्येक दारात ‘नाही’. मी खूश, आमच्या भागात आजारच नाही म्हणून. तिसऱ्या दिवशी सोबतच्या नर्सबाई म्हणाल्या, ‘सर, अपस्मार म्हंजे काय ते मलाच तुमच्याकडून कळलं, त्यांना कुठलं कळायला?’ पत्रकं फाडली, पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात.

पण अपस्माराऐवजी नुसतं ‘फेफरं’ किंवा ‘मिरगी’ लिहूनही भागत नाही. ते शब्द ऐकले की माणूस दार लोटून घेतो. आजाराचं नाव न घेता घडलेलं विचार. शुद्ध हरपून कधी पडलात का, हातपाय ताठ होऊन झटके आले का, जीभ चावली गेली का, कपड्यात लघवी झाली का. पक्षाघाताला ‘अंगावरून वारं गेलं होतं का’ म्हटलं की आजीसुद्धा तारीख-वार सांगते. ‘चक्कर येते का’ हा प्रश्न मात्र काढून टाक, अर्धं गाव हो म्हणेल. पहिल्या फेरीत जाळं मोठं टाकायचं, मग जे ‘हो’ म्हणाले त्यांना न्यूरोलॉजिस्टने तपासायचं. आणि ‘नाही’ म्हणालेल्यांतलीही काही घरं चिठ्ठ्या टाकून निवड आणि तीही तपास. हे फारसं कुणी करत नाही, कारण त्यात आपलीच प्रश्नावली उघडी पडते.

सासूसमोर सुनेला फिट्सबद्दल विचारू नकोस. विवाह कायद्यातून लग्न रद्द करायचं अपस्माराचं कारण 1999 मध्ये वगळलं, सोयरीक जुळवणाऱ्यांच्या डोक्यातून अजून नाही. एकटी भेटली तरच विचार, आणि तिने सांगितलेलं कागदावर नावासकट राहणार नाही याची हमी आधी दे. ही हमी तुझ्या इंटर्नांनाही पाठ हवी.

एका घरात मी विचारलं, किती माणसं राहता? ‘पाच.’ पाच लिहिली, चहा घेतला. निघताना मागच्या पडवीतून खोकला ऐकू आला. बाजेवर एक माणूस, उजवा हात छातीशी मुडपलेला, बोलायला गेला तर नुसता ओठाचा डावा कोपरा हलला. घरधनी म्हणाला, ‘ते होय? थोरले भाऊ. चार वर्षं झाली, आता ते कशात धरायचे?’ मी अंश शोधत होतो आणि माणूस छेदातूनच गळला होता. तेव्हापासून मी विचारतो, ‘घरात ताटं किती वाढता?’ जनगणनाही कुटुंब ठरवताना एकत्र स्वयंपाकच पाहते. ताटांची संख्या सहसा खोटी निघत नाही. ती आणि माणसांची संख्या जुळली नाही तर तिथेच थांब आणि विचार.

आकडा हाती आला की लगेच ग्रामीण-शहरी असा निष्कर्ष काढायचा मोह होईल. मुंबईच्या पारशी वसाहतींत 14,010 माणसांमागे कंपवाताचे 46 रुग्ण मिळाले, लाखाला 328. काश्मीरच्या खेड्यांत 63,645 जणांत 9, लाखाला 14. पारशी बागेत कंपवाताची साथ होती का? वसाहतींत म्हातारी माणसं जास्त, कंपवात उतारवयाचा. वय जुळवल्याशिवाय दोन गावं शेजारी ठेवू नयेत.

आणि कमी आकडा पाहून हायसं वाटू देऊ नकोस. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या मंडळींनी 86 गावांतले मृत्यू मोजले, 1599 पैकी 229 पक्षाघाताचे, मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण तेच. जो झटका आल्यावर आठवड्यात गेला तो तुझ्या एका फेरीत सापडणारच नाही. दारात जिवंत भेटतात ते उरलेले. म्हणून पक्षाघात घेतलास तर शेवटी एक ओळ वाढव: गेल्या वर्षात घरात कोण वारलं, कशानं.

बाकी सॅम्पलिंग, एथिक्स कमिटी वगैरे तुझा गाइड सांगेल, तो त्यात माझ्यापेक्षा बरा आहे. पेरणीच्या दिवसांत जाऊ नकोस, दारं बंद असतात. कुलूप दिसलं तर संध्याकाळी परत जा, आणि तिसऱ्यांदा रविवारी.

निघण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करून ठेव, फिट्सवरच्या फिनोबार्बिटोनच्या गोळ्या किती महिन्यांच्या शिल्लक आहेत. तुला दहा रुग्ण सापडणार आहेत, त्यातले निम्मे तरी बिनगोळ्यांचे असतील असं धरून चाल. त्यांची नोंद करून हात हलवत परत आलीस तर पुढच्या वेळी त्या गावात पाणीसुद्धा मिळणार नाही, आणि ते बरोबरच असेल.

सोमवारी चारनंतर ये. प्रोफॉर्मा मराठीत लिहून आण. आमच्या स्वयंपाकवाल्या मावशींना वाचून दाखवू, त्या जिथे ‘म्हंजे?’ म्हणतील तिथे खूण कर.

तुझा,
सर