पन्नास पानं की बावन्न?

प्रश्न : आईच्या कवितांची ए-५ आकाराची पुस्तिका छापायची आहे. मजकूर ५० पानांत बसतो, पण छापखानावाले ५२ पानं करा म्हणतात. शिवाय मधोमध पिन मारावी की परफेक्ट बायंडिंग, म्हणजे पानांच्या पाठीला डिंक लावून मुखपृष्ठ चिकटवणं, करावं?

उत्तर : त्यांचं बरोबर आहे. ए-४ कागद मधोमध दुमडला की दोन्ही बाजू धरून चार पानं होतात, म्हणून मधल्या पिनेच्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीतच हवीत. ५२ म्हणजे १३ कागद, मुखपृष्ठ वेगळं. उरलेल्या दोन पानांसाठी ओढूनताणून मजकूर भरू नका. एकावर अर्पणपत्रिका घ्या, एक कोरं सोडा. कवितांना मोकळी जागा शोभते.

मी पिनेच्याच बाजूने आहे. ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या) कागदावर ५२ पानांचा कणा, म्हणजे पाठीची जाडी, जेमतेम अडीच मिलिमीटर भरतो. तेवढ्यावर डिंकाची पकड भरवशाची नसते. पिनेची पुस्तिका पूर्ण उघडते, दोन पानांवर पसरलेली कविता सलग वाचता येते. मात्र अशी कविता डाव्या, म्हणजे सम क्रमांकाच्या पानावर सुरू करा.

एक गोष्ट जपा. तेरा कागद एकात एक घातले की मधले बाहेर सरकतात आणि कडा कापताना त्यांचा मिलिमीटरभर भाग जातो. माझ्या एका पुस्तिकेत पानांचे आकडे कडेला इतके चिकटून होते की मधल्या पानांवरचे अर्धे कापले गेले. फार हळहळलो होतो. बाहेरचा समास निदान १२ मिलिमीटर ठेवा.

आज रात्रीच तेरा कोरे कागद दुमडून, आकडे घालून डमी करा. आईंनाही ती हातात घेऊन चाळू द्या.