पहाटे साडेपाचला शेजाऱ्याचा ग्रासकटर, तक्रार कुठे करायची?

ताई, मेसेज वाचला. गुहागरला घर, गडग्यापलीकडे शेजाऱ्यांची कलमांची बाग, गणपती झाल्यापासून त्यांचा गडी रोज पहाटे साडेपाचला पेट्रोलचा ग्रासकटर चालू करतो, घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि बोलायला गेलात तर उत्तर काय, तर "माझी बाग, माझं मशीन". बाग त्यांचीच हो, पण आवाज तुमच्या खोलीत आला की तो विषय फक्त त्यांचा राहत नाही.

आधीच सांगतो, बेणणी, म्हणजे रान काढणं, कायमचं बंद करा असा हुकूम कोर्ट देईल या आशेवर राहू नका. पावसाळ्यानंतर कोकणात बागेतलं रान काढावंच लागतं, हे जजसाहेबांनाही माहितेय. मागणी वेळेची करा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र, म्हणजे तुमचे साडेपाच रात्रीतच मोडतात. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, दिवसाची ५५, आणि त्यावर १० डेसिबल किंवा जास्त आवाज गेला की तक्रार करता येते. मोबाईलचं ॲप अंदाजापुरतं ठीक, पण नुसत्या त्या स्क्रीनशॉटवर केस उभी राहत नाही.

खरी ताकद साध्या वहीत असते. तारीख, मशीन कधी चालू झालं, कधी थांबलं, सासूबाईंना त्या दिवशी काय झालं, एवढं रोज लिहा, खिडकीतून दोन-चार व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांचे कागद सोबत ठेवा. मग शेजाऱ्यांना स्पीड पोस्टाने पत्र, की सकाळी आठच्या आत आणि दुपारी एक ते चार मशीन नको. बरेचदा इथेच मिटतं, कारण लेखी आलं की माणूस जरा विचार करतो.

नाही ऐकलं तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका, "हे सिव्हिल मॅटर आहे" असं ऐकवतीलच. मशीन चालू असतानाच ११२ ला फोन केला तर त्याचीही नोंद राहते. वाडीतल्या आणखी घरांना त्रास असेल तर सगळ्यांच्या सह्या घेऊन कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १५२ खाली जाता येतं, पण ते सार्वजनिक उपद्रवासाठी आहे, एकट्या तुमच्या घराच्या त्रासाला तिथे दाद मिळणं कठीण. एकट्याने लढायचं तर दिवाणी कोर्टात मनाईचा दावा आणि सोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज. वकिलाच्या फीची काळजी करू नका, महिलांना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अटही नाही.

आणि त्या गड्याशी भांडू नका, तो मालक सांगेल त्या वेळेला येतो. गडग्यावरनं बाचाबाची झाली की समोरचे लगेच शिवीगाळीची एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची तक्रार, टाकतात, मग ग्रासकटर राहतो बाजूला आणि तुम्हीच ठाण्यात जबाब देत बसता.