प्युरिटन म्हणजे सोवळा?

'अमेरिकेतल्या सुरुवातीच्या वसाहतींवरचा मजकूर मराठीत आणतोय, प्युरिटनला सोवळा म्हणू का?' असा प्रश्न आला आहे. म्हणू नका. प्युरिटन म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडच्या चर्चची शुद्धी करू पाहणारे ख्रिस्ती. दारू न पिणाऱ्या, सिनेमा पाहताना नाक मुरडणाऱ्या कोणालाही हल्ली उठसूट प्युरिटन म्हणतात, त्यातून हा गोंधळ होतो.

लॅटिन 'पुरुस' म्हणजे शुद्ध. आपला 'पू' धातू त्याचाच भाऊबंद. पावन, पूत, पवित्र हे सगळे त्या धातूचे गोत. आता खरी गंमत पाहा. ऋग्वेदात 'पवित्र' म्हणजे सोमरस गाळायची लोकरीची गाळणी! नवव्या मंडलातला पवमान सोम तिच्यातूनच झरतो. तिकडे 'पुरुस'वरून जुन्या फ्रेंचमध्ये गाळणे या अर्थाचे क्रियापद आले आणि त्यातून आपल्या स्वयंपाकघरातली प्युरी. मराठीत तर गाळणे म्हणजे वगळणेही. म्हणून माझे ठाम मत आहे की प्युरिटन म्हणजे 'गाळणारा' असे धरले, तरच ती माणसे कळतात. इंग्लंडच्या चर्चमधला उरलासुरला रोमन कॅथलिक चोथा त्यांना काढायचा होता: पाद्र्याचा पांढरा झगा, बाप्तिस्म्यातली क्रुसाची खूण, लग्नातली अंगठी. त्यांच्या अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा झाला. कारण एकच, बायबलमध्ये नाताळ नाही. सोवळ्यातल्या शिवाशिवीशी याचा काय संबंध? बिअर तर त्यांच्या रोजच्या जेवणात होती.

आणि 'प्युरिटन म्हणजे सुखाचा वैरी' असे बिनदिक्कत लिहिणाऱ्या पंडितांनी अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीट ही प्युरिटन कवयित्री वाचलेली दिसत नाही. १६३० मध्ये मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर विन्थ्रॉप याच्या 'आर्बेला' जहाजातून आलेली ही बाई. आठ मुलांचे करता करता तिने नवऱ्यावर उघड प्रेमकविता लिहिल्या. तो कामासाठी परगावी गेला की त्याला ती आपला सूर्य म्हणते. १० जुलै १६६६ला घर जळाले. नंतर त्या जागेवरून जाताना इथे ट्रंक होती, तिथे पेटी, असे तिला आठवत राहते. या छपराखाली आता पाहुणा बसणार नाही, मेणबत्ती लागणार नाही, म्हणून जीव तुटतो. मग ती स्वतःलाच दटावते, तुझी ठेव या मातीत होती का? हेही गाळणेच, पण स्वतःच्या मनातले.

'प्युरिटन' हे नाव विरोधकांनी हिणवायला दिलेले. तेव्हा अनुवादात प्युरिटनच ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला 'चर्चशुद्धीवाले' एवढे जोडा.