संमोहन शिक, पण आधी थेरपिस्ट हो

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग एक दिवस तसंच ठेवलं, कारण घाईत उत्तर द्यायचं नव्हतं. तू म्हणालीस तसं नाव छापत नाहीये. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. ही मुलगी चिपळूणची, टीवायबीए सायकॉलॉजीला आहे. जुलै 2021 च्या पुरात तिचे बाबा माल माळ्यावर चढवायला रात्रीच दुकानात गेले, 22 तारखेला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत घुसलं आणि ते तिथेच माळ्यावर अडकले, पुढचा अख्खा दिवस आणि रात्र. तेव्हापासून रात्री पाऊस जोरात लागला की ते उठतात, बॅटरी घेतात आणि मोरीच्या जाळीपाशी जाऊन उभे राहतात, पाणी वर येतंय का बघत, कधी कधी पहाटेपर्यंत. आता हिला इन्स्टावर एक जाहिरात दिसली, दोन वीकेंडमध्ये सर्टिफाइड हिप्नोथेरपिस्ट (संमोहनाने उपचार करणारा), 'ट्रॉमा रिलीज' म्हणजे मनावरचा आघात मोकळा करणं, त्यासकट, फी 35 हजार. हिचं म्हणणं, एमए करण्यापेक्षा हेच करते, बाबांनाही बरं करते आणि पुढे हेच करिअर करते.

सरळ सांगते, 35 हजार भरू नकोस. संमोहन खोटं आहे म्हणून नाही हं, उलट ते खरं आहे आणि चांगलंच काम करतं, म्हणूनच सांगतेय.

संमोहनाचा इतिहास तुझ्या पुस्तकात मेस्मर या युरोपातल्या डॉक्टरपासून सुरू होत असेल, गुंगीत नेण्याला 'मेस्मराइझ करणं' म्हणतात ते त्याच्याच नावावरून, पण आपल्याकडचा एक किस्सा फारसा कुणी सांगत नाही. 1845 मध्ये बंगालमध्ये हुगळीला जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश सर्जन होता, भुलीचं औषध तेव्हा आलेलं नव्हतं, तर हा माणूस पेशंटला मेस्मराइझ करून मोठमोठी ऑपरेशनं करायचा आणि पुढच्या वर्षी कलकत्त्यात त्याला त्यासाठी छोटं हॉस्पिटलही मिळालं. पण लक्षात घे, तो आधी सर्जन होता. पेशंटला गुंगीत नेता येणं वेगळं आणि गाठ कशी कापायची, रक्त कसं थांबवायचं हे येणं वेगळं. दोन वीकेंडमध्ये तुला पहिली गोष्ट शिकवतील, ती खरंच तेवढ्यात शिकताही येते, पण दुसरीचं काय?

ही दुसरी गोष्ट नसली की काय होतं ते मी जवळून बघितलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे मार्गदर्शनाला आलेल्या एका मुलाने असाच कोर्स केला होता, आणि मीच त्याला म्हणाले होते की कर, एक सर्टिफिकेट जास्तीचं, बिघडतंय कुठे. सहा महिन्यांनी संध्याकाळी त्याचा फोन आला, आवाज थरथरत होता. अपघातातून वाचलेल्या एका बाईंना त्याने डोळे मिटायला लावून थेट त्या क्षणात नेलं होतं, कोर्समध्ये शिकवलं होतं तसंच, आणि त्या तिथेच अडकल्या, घामाने भिजल्या, दात वाजायला लागले, डोळे उघडले तरी आपण कुठे आहोत हे त्यांना कळेना. त्याच्याकडे स्क्रिप्ट होती, पण अशा वेळी काय करायचं हे त्यात कुठेच नव्हतं. ओळखीच्या सायकियाट्रिस्टना गाठेपर्यंतचा तो अर्धा तास मी विसरलेली नाही. तेव्हापासून कुणालाही 'बिघडतंय कुठे' म्हणत नाही.

आता खरं काम कसं चालतं ते सांगते. एका ट्रेनिंगमध्ये मला मागच्या खुर्चीवर बसून बघायला मिळालं होतं, समोर शिकणाऱ्यांपैकीच एक जण होता, घाटात बाइक घसरली होती त्याची. शिकवणाऱ्या मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. त्यांनी पहिली वीस मिनिटं अपघाताचं नावसुद्धा काढलं नाही. आधी एक सुरक्षित जागा शोधायला लावली, त्याने आजोळच्या ओटीवरची पायरी निवडली, तिथला वास, उन्हाची ऊब, सगळं त्याच्याच शब्दांत. मग ठरलं की नको वाटलं तर उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायचं. मध्ये मध्ये त्या एकच विचारायच्या, पाय टेकलेत ना जमिनीला? त्यानंतर एक पडदा कल्पायला सांगितला, दोन भागांचा. डावीकडे तो अपघात, पण लांब, लहान, आवाज कमी केलेला. उजवीकडे त्याच वेळी त्याने स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवायला काय केलं ते. डेव्हिड स्पीगेल नावाचे स्टॅनफर्डचे सायकियाट्रिस्ट आहेत, ही पद्धत त्यांची म्हणून ओळखली जाते. त्या मुलाला उजवीकडे दिसलं की पडल्यावरही त्याने मागे बसलेल्या भावाला आधी कडेला ओढलं होतं. हे त्याला आठवत नव्हतं असं नाही, पण अपघात आठवला की डावीकडचंच सगळं धावून यायचं आणि हे मागे राहायचं.

तुझ्या पत्रात एक ओळ आहे बघ, पाणी वाढायच्या आधी बाबांनी कामावरच्या दोन पोरांना बळेबळे घरी पिटाळलं आणि हे ते स्वतः कधीच सांगत नाहीत, तुला आईने सांगितलं. मला ती ओळ वाचताना तो पडदाच आठवला.

म्हणजे आठवण पुसायची नसते. जाहिरातीत 'ट्रॉमा रिलीज' म्हणतात ना, त्याने असं वाटतं की आत काहीतरी कोंडलंय, ते खणून बाहेर काढलं की माणूस मोकळा. बाबांचं तर उलटंच आहे, त्यांना नको तेवढं आठवतंय. आणि खणण्यात दुसरा मोठा धोका आहे. संमोहनात माणूस जास्त बोलतो, जास्त खात्रीने बोलतो, पण त्याची आठवण जास्त खरी होते असं नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने 1985 मध्येच सांगून ठेवलंय की अशा आठवणींमध्ये मनाने रचलेल्या, न घडलेल्या गोष्टी मिसळू शकतात. आणि मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टसचा 1995 चा मॉलमध्ये हरवल्याचा प्रयोग तुला माहीत असेलच, संमोहन न करता नुसतं सुचवून 24 पैकी 6 जणांना लहानपणी मॉलमध्ये हरवल्याचा, कधी न घडलेला प्रसंग पूर्ण किंवा थोडाफार आठवला होता. मग गुंगीत असलेल्या माणसाला 'आणखी मागे जा, लहानपणी काय झालं होतं' असं विचारत गेलं तर काय होईल विचार कर. पूर्वजन्मात नेणारे कोर्स तर अजिबात नकोत, त्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही.

मग पुरावा कशाला आहे? पीटीएसडीसाठी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी, आज जगभर आधी सुचवतात ते ट्रॉमावर काम करणारी सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत त्या आठवणीवर काम करायची पद्धत), डब्ल्यूएचओच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013 च्या सूचनांमध्येही ही दोन्ही आहेत. संमोहनावर अभ्यास कमी आहेत पण आहेत. 1989 मध्ये नेदरलँड्सच्या ब्रॉम आणि सहकाऱ्यांनी 112 जणांवर तीन पद्धती तपासल्या, त्यात संमोहनही होतं, तिन्ही गटांना उपचाराची वाट बघत नुसत्या थांबलेल्या लोकांपेक्षा बरं वाटलं. 2005 मध्ये ऑस्ट्रेलियात रिचर्ड ब्रायंट यांनी सीबीटीला संमोहन जोडून बघितलं, उपचार संपताना प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं जास्त कमी झालं, पण पुढे काही महिन्यांनी नुसती सीबीटी घेतलेलेही तिथेच पोचले होते. यावरून मला असं वाटतं की संमोहन जोडीला घ्यायचं साधन आहे, आणि ज्याच्या हातात आधीच बाकीचं सगळं आहे त्याच्या हातात ते शोभतं. शिवाय सगळे सारखे संमोहित होतातच असं नाही, काहींवर फार कमी परिणाम होतो, हेही कोर्सवाले सांगत नाहीत.

कोर्सवाले तुला 'सरकारमान्य' पण म्हणतील. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने 2003 मध्ये हिप्नोथेरपीला उपचारपद्धती म्हटलंय हे खरं, पण योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनीच करावी असंही त्यातच आहे, ते अर्धं वाक्य जाहिरातीत गायब असतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात सायकियाट्रिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, नर्स, सायकियाट्रिक सोशल वर्कर अशा व्याख्या आहेत, हिप्नोथेरपिस्ट म्हणून वेगळा माणूस नाही.

तर तुझा रस्ता असा. टीवाय नीट कर, मग दोन वर्षांचं एमए, क्लिनिकल किंवा कौन्सेलिंग. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागतेच. जुना रस्ता एमफिलचा होता, तो बंद होतोय, यूजीसीने क्लिनिकलसाठी 2025-26 हे शेवटचं प्रवेशवर्ष दिलं होतं, त्यामुळे कुठल्या संस्थेत कोणता नवा कोर्स मान्य आहे हे फक्त आरसीआयच्या साइटवर बघायचं, एजंटच्या व्हॉट्सअॅपवर नाही. नंतर सीबीटी शीक, ईएमडीआर शीक, सीनियरच्या सुपरव्हिजनखाली केसेस घे आणि मग संमोहन शीक, तेव्हा ते तुझ्या हातात खरंच बसेल. पाच-सहा वर्षं लागतील, मला माहीत आहे घरचा हिशोब पुरानंतर कसा झालाय ते, तू लिहिलंयस. म्हणून ते 35 हजार एमएसाठी बाजूला ठेव आणि स्कॉलरशिपचे फॉर्म आत्तापासून शोध.

आता बाबा. तू त्यांच्यावर उपचार करायचे नाहीत, आता नाही आणि रजिस्ट्रेशन मिळाल्यावरही नाही. कितीही शिकलीस तरी त्यांच्यासमोर तू लेकच राहणार, ते तुझ्यासाठी रडू दाबतील आणि तू त्यांना बरं वाटतंय असंच समजशील. रत्नागिरीला सरकारी मनोरुग्णालय आहे, तिथे ओपीडीत सायकियाट्रिस्ट भेटतात, नावाला घाबरू नका, भरती व्हायचं नाहीये. तेवढं जाणं लगेच जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि बाबांना 'तुम्हाला ट्रॉमा आहे' असं म्हणू नकोस, झोप नीट लागत नाही ना, त्यासाठी दाखवू, एवढंच म्हण. ते खोटंही नाही.

पावसाळ्याच्या आत पहिली भेट होऊ दे. बाबा आत गेले की तू बाहेरच्या बाकावर बस, आत जाऊ नकोस. पत्रातली ती दोन पोरांची गोष्ट आईला डॉक्टरांना सांगायला सांग.

तुझी,
ताई