ब्लँकेट वाटायला निघण्याआधी

गंगापूर रोडकडच्या एका खासगी विनाअनुदानित शाळेत तुम्ही नव्याने सेवा उपक्रमांची जबाबदारी घेतली आहे. नववीच्या मुलांनी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर ब्लँकेटं वाटायचं ठरवलंय, व्यवस्थापनाला अहवालासाठी फोटो हवेत, पालकांना दहावीची काळजी आहे, आणि हा प्रकल्प खरोखर मुलांचा कसा व्हावा असं तुम्ही विचारताय. नाशिकच्या अशाच एका शाळेत मी हे काम बरीच वर्षं केलं, म्हणून सविस्तर लिहिते.

ब्लँकेटं रद्द करू नका, पुढे ढकला. आधी मुलांना पाड्यावर रिकाम्या हाताने जाऊ द्या. थोडी मुलं, दोन शिक्षक, आणि सोबत गावची आशाताई किंवा जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी. मुलांनी बसायचं आणि विचारायचं: गेल्या दिवाळीत कोण काय देऊन गेलं, त्यातलं काय वापरात आहे, पाणी कुठून आणता, घरातलं आत्ता कोण बाहेरगावी आहे. डांबरी रस्त्यालगतच्या पाड्यांवर दिवाळीच्या सुमारास शहरातले गट एकामागून एक फराळ, कपडे आणि ब्लँकेटं घेऊन येतात. जीप पोचत नाही तिथे सहसा कुणी जात नाही. हे तुम्ही वर्गात सांगितलंत तर मुलं मान डोलावतील आणि वाटप करून मोकळी होतील. एखाद्या आजीने घडीही न मोडलेली ब्लँकेटं काढून दाखवली, की परतीच्या बसमध्ये मुलं स्वतःच वाद घालायला लागतात. तो वाद होऊ द्या, मध्ये बोलू नका. मुलांचा प्रकल्प तिथेच सुरू होतो.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी हा आपल्या जिल्ह्यातला सर्वांत जास्त पावसाचा पट्टा. तरी एप्रिल-मे महिन्यात तिथल्या बायका हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात, कारण तीव्र उतार आणि खालचा काळा कातळ पाणी धरून ठेवत नाही. पावसाळा सरला की याच पाड्यांवरची माणसं द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीला दिंडोरी-निफाडकडे उतरतात, एप्रिलच्या खरड छाटणीला पुन्हा. बरोबर लहान मुलं असतातच. ज्यांच्यासाठी काही करावं असं आपल्या मुलांना वाटतं, ती घरं वर्षातले काही महिने शहराजवळच्या बागांच्या कडेला मुक्कामी असतात. आमच्या एका गटाच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी सगळा बेतच बदलला. छाटणीच्या हंगामात दर शनिवारी मजुरांच्या वस्तीवर जाऊन लहान मुलांना गोष्टींची पुस्तकं वाचून दाखवायची, असं ठरवलं. बागायतदाराची परवानगी त्यांनीच मागितली, पुस्तकांची वहीही त्यांनीच ठेवली. मला तो निर्णय फार आवडला होता.

आता एक काम सुचवते, ज्याकडे शाळांचं लक्ष जात नाही: दृष्टिहीन परीक्षार्थींसाठी लेखनिक होणं. दहावीच्या परीक्षार्थीला लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे नववीतलं मूल इथे नेमकं उपयोगी पडतं. दिसायला सोपं, करायला अवघड. प्रश्न स्पष्ट वाचायचा, आकृती शब्दांत सांगायची, सांगितलं तेवढंच लिहायचं. उत्तर आपल्याला येत असलं तरी एक अक्षर स्वतःचं घालायचं नाही. परीक्षार्थीला तासाला २० मिनिटं जादा मिळतात, त्यामुळे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो आणि तेवढा वेळ लक्ष ढळू न देता बसावं लागतं. पेपरच्या आधी दोघांचा सराव झालेला हवा. एकमेकांचा वेग कळायला वेळ लागतो. वर्गात सतत बोलणारी मुलं या कामात किती सावध होतात ते मी पाहिलंय. इथे टाळ्या नसतात, पण कुणाचं तरी वर्ष आपल्यावर अवलंबून आहे हे मुलाला पक्कं ठाऊक असतं. आणि दहावीच्या काळजीत असलेल्या पालकांना सांगा, की पुढच्या वर्षी द्यायची परीक्षा त्यांचं मूल आदल्या वर्षी जवळून बघून येतं.

विज्ञानात रमणाऱ्या मुलांसाठी आपली गोदावरी आहेच. सोमेश्वर, रामकुंड, तपोवन आणि नासर्डी जिथे मिळते ती टाकळी, अशी चार ठिकाणं ठरवा आणि महिन्यातून एकदा, त्याच वेळी, पाण्याची नोंद घ्या. सामू (पीएच), विरघळलेला ऑक्सिजन, गढूळपणा हे शाळेच्या किटवर होतं. आंघोळीच्या पाण्याचा केंद्रीय निकष मुलांना तोंडपाठ हवा: विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी (म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू जेवढा ऑक्सिजन खातात तो) ३ मिलिग्रॅमपर्यंत, सामू ६.५ ते ८.५. बीओडी आणि जंतूंची तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्या, शहरातल्या एखाद्या विज्ञान महाविद्यालयाला मुलांनी स्वतः पत्र लिहावं. २०२७ च्या सिंहस्थाच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी एकाच वहीत असतील तर ती वही नाशिकच्या उपयोगाची आहे. पाणवेली का फोफावते हे त्या आकड्यांतून समजलं, की मुलांना एकदा नांदूरमध्यमेश्वरला न्या. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालेल्या त्या जागी आपल्याच शहरातून गेलेलं पाणी येतं. पावसाळ्यात मात्र गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असताना काठावर कुणालाही पाठवायचं नाही. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून नाशिककर पुराची पातळी मोजतात; तिच्या पायाला पाणी लागलं की त्या महिन्याची नोंद कोरी राहू द्या.

मोठ्यांनी काय करायचं, हे तुमच्या प्रश्नातलं सर्वांत नाजूक अंग. सुरक्षितता, प्रवास, पैसे आणि पालकांची लेखी संमती एवढं पूर्णपणे तुमचं. शाळेच्या पावतीशिवाय एक रुपयाही गोळा होऊ देऊ नका. बाकीचं मुलांचं: महापालिकेला अर्ज, सरपंचांना फोन, वेळापत्रक, भांडणं मिटवणं. अर्ज चुकीच्या विभागात गेला तर जाऊ द्या, परत येईल. तुम्ही तो दुरुस्त करून पाठवलात तर पुढचा अर्ज मुलं तुमच्याकडेच आणून देतील.

तासांच्या हिशेबात अडकू नका. आयबी या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या सीएएसमध्येही (सर्जनशीलता, शारीरिक उपक्रम, सेवा) आता ठरावीक तासांची अट राहिलेली नाही, सलगता आणि चिंतन बघतात. आयसीएसईच्या एसयूपीडब्ल्यूची, म्हणजे समाजोपयोगी उत्पादक कार्याची, श्रेणी शाळाच देते, तेव्हा तिथेही मोकळीक आहे. फोटोंबाबत व्यवस्थापनाला ठाम सांगा की पाड्यावरच्या मुलांचे चेहरे छापायचे नाहीत. अहवालात नदीच्या नोंदींचा तक्ता आणि मुलांच्या टिपणांतली पानं द्या. आमच्या विश्वस्तांनी ती शेवटपर्यंत वाचली होती.

बहुतेक प्रकल्प मरतात ते एप्रिलमध्ये, चालवणारी मुलं दहावीत गेली की. म्हणून डिसेंबरपासूनच आठवीची दोन-तीन मुलं प्रत्येक गटात घ्या. वही, फोन नंबर आणि अर्धवट राहिलेल्या कामांची यादी दहावीत जाणाऱ्या मुलांनी त्यांच्या हाती सोपवायची, तुम्ही फक्त हजर राहा. ज्या वस्तीवर जाता तिथेही नवी मुलं आधी ओळख करून घेऊन येऊ द्यात. दर जूनमध्ये अनोळखी चेहरे आले तर तिथली लहान मुलं बिचकतात, आणि ते त्यांच्यावर अन्यायाचं आहे.

लेखनिकांचं मनावर घेतलंत तर अंधशाळेशी दिवाळीच्या सुट्टीआधीच बोलून ठेवा. परवानगीचे अर्ज शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे वेळेत जावे लागतात, आणि सरावाला जानेवारी तरी हातात हवा.