जॉर्ज फर्नांडिस: रेल्वे बंद पाडणारे आणि रेल्वे आणणारे

"1974 साली रेल्वे ठप्प करणारा माणूस 1989 मध्ये रेल्वेमंत्री झाला, म्हणजे कामगारांना विसरलाच ना?" असं तुम्ही विचारलंय. मला तसं वाटत नाही.

मंगळूरचा हा मुलगा पाद्री व्हायला गेला, ते सोडून 1949-50 च्या सुमारास मुंबईत आला. चौपाटीच्या बाकावर झोपायचं, मध्यरात्री पोलिसाने उठवलं की दुसरा बाक शोधायचा. प्लासिड डिमेलो यांच्या हाताखाली गोदी कामगारांत तयार झाला, मग पालिका कामगार, टॅक्सीवाले. 1967 च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचे बडे नेते स. का. पाटील यांना पाडलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापेक्षा मला 1968 ची बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक महत्त्वाची वाटते. नुसत्या घोषणांनी पोट भरत नाही, पैशाची सोय आपणच उभी करावी लागते, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

8 ते 27 मे 1974 चा संप तसा फसलाच. मागण्या पदरात न पडता मागे घ्यावा लागला. पुढे आणीबाणी, सरकारविरुद्ध स्फोटांचा कट केल्याच्या आरोपाचा बडोदा डायनामाइट खटला, बेडी घातलेला हात उंचावलेला तो फोटो, आणि तुरुंगातूनच मुझफ्फरपूर जिंकणं.

आता कोकण रेल्वे. रेल्वेच्या नेहमीच्या बजेटातून तुकड्या-तुकड्याने काम झालं असतं, तर आपण गोव्याला अजून कर्नाटकातल्या लोंढा जंक्शनवरून वळसा घालूनच जात राहिलो असतो. जॉर्जनी 1990 मध्ये वेगळं महामंडळच काढलं. केंद्र 51 टक्के, महाराष्ट्र 22, कर्नाटक 15, गोवा आणि केरळ 6-6. बाकी पैसा बाजारातून, रोख्यांवर. रेल्वे इंजिनिअर ई. श्रीधरन यांना प्रमुख नेमलं. अर्थखात्यात कोकणातल्या राजापूरचे खासदार मधू दंडवते होते, हेही नशीबच. मला यात लेबर बँकवालाच माणूस दिसतो. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्याने शेवटपर्यंत रडवलं, पण 26 जानेवारी 1998 ला लाईन पूर्ण खुली झाली. गणेश चवथीला मुंबईहून येणाऱ्याला विचारा त्याची किंमत.

सगळंच गोड नव्हतं. 1979 मध्ये लोकसभेत मोरारजींच्या सरकारची जोरदार बाजू मांडून लगेच पलटी मारली, ती मला आजही पटत नाही. पण गोव्यात खाजन शेतांवरून (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली शेती), रेल्वेच्या मार्गावरून आंदोलन पेटलं, त्याचं खापर कुणी त्यांच्यावर फोडू नये. आंदोलनाचा भर होता तेव्हा ज्यात ते रेल्वेमंत्री होते ते व्ही. पी. सिंगांचं सरकार कधीच पडलं होतं आणि जॉर्ज मंत्रीही नव्हते.